पाखरं राखायचे दिवस आणि माझी मूठ

यंदा ज्वारी बरी आहे. कणसात दूध भरलंय. दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं बाहेर येतं. आणि परवापासून पाखरं उतरायला लागलीत. आमच्या शिवारात ज्वारी करणारे आता थोडेच राहिलेत. बाकीच्यांचं सोयाबीन निघालं की हरभरा, आणि विहिरीला पाणी असेल तर ऊस. त्यामुळं साऱ्या शिवारातली पाखरं आमच्याच दोन एकरांवर जेवायला येतात. आमच्या मालकांनी यंदा बाजारातून चकचकीत फीत आणून चारी बांधांवरून ताणली. वारा आला की ती घूं घूं करते. पहिल्या दिवशी पाखरं बिचकली. दुसऱ्या दिवशी लांब बसून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी फीत बांधलेल्या खुंट्यांवरच येऊन बसली.

आज सकाळी दाणा दाबून बघितला तो मी उजव्या हातानं. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. एरवी मलाही वाटलं असतं. पण दोन वर्षांमागं याच दिवसांत माझा उजवा हात हात राहिला नव्हता, नुसती मूठ झाला होता.

त्याच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला, सोयाबीनची रास चालू होती. मळणीयंत्राचा धुरळा, नाकाला पदर, मधे चहा. कप माझ्या हातातून सुटला आणि मी तो उचलायला वाकले ती उठलेच नाही. आमच्याकडं म्हणतात, अंगावरून वारं गेलं. सोलापूरला नेलं. तिथं औषधपाणी झालं. हळूहळू पाय परत आला. जीभही परत आली. ती आली नसती तरी चाललं असतं, असं मालक म्हणतात. उजवा हात मात्र आला नाही. अंगठा आत, चार बोटं त्याच्यावर, असा आवळून बसला. नखं तळव्यात रुतायची. आत घाम धरून वास यायचा. मालक रोज एकेक बोट उकलून साबणानं धुवायचे आणि बोटं सोडली की ती पुन्हा मिटायची.

आता एक गोष्ट सरळ लिहिते, कारण दवाखान्याच्या कागदावर ती लिहिलेली नसते. आपल्याकडं जेवायचा हात वेगळा आणि धुवायचा हात वेगळा. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला तर आई हातावर चापट मारायची. माझा एकच हात उरला होता, डावा. सकाळी परसाकडं जाऊन यायचं त्याच हातानं आणि दुपारी भाकरी मोडायची त्याच हातानं? साबण लावा, राख लावा, मन घेईना. मुलानं सोलापूरहून चमचा आणून दिला. चमच्यानं वरण खाता येतं, पण भाकरी मोडता येत नाही. मी दोन दिवस ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी मालक समोर बसले आणि म्हणाले, "आ कर."

घरात आम्ही दोघंच. मुलगा-सून सोलापूरला, नोकरीला. मालकांनी त्या दिवसांत भाकरी शिकून घेतली. मी बाजेवर बसून सांगायची आणि ते परातीत पिठाशी भांडायचे. पहिल्या आठवड्यातल्या भाकरी जाड होत्या आणि कडेला फाटलेल्या. मी म्हटलं, "ही भाकर हाय का गवऱ्या थापल्याती?" ते म्हणाले, "खायची तर खा, न्हाईतर गाईला घालतो. ती नावं ठेवत न्हाय." घास भरवायचे तोही एवढा मोठा, की बैलाला पेंढी घालतोय असं वाटावं. पण एक होतं. मला भरवायच्या आधी ते उठून दाराला आतून कडी लावायचे. कधी काही बोलले नाहीत. गावात कुणाला कळलं नाही की सुभद्राला नवरा भरवतो.

पुढं येळवस आली. त्या अमावास्येला आमच्या भागात गावात कुणी थांबत नाही. ज्याचं शेत आहे तो शेतात आणि ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. पालेभाज्या आणि ओल्या शेंगांची भज्जी, आंबील, उंडे, शेंगदाण्याची पोळी. वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून पंगतीला बसवायचं. पन्नास वर्षांत मी एक येळवस चुकवली नव्हती. त्या साली चक्कर येतेय असं सांगून घरी राहिले. चक्कर वगैरे काही नव्हती. चारचौघांत तोंड उघडून घास घ्यायचा नव्हता, एवढंच. मालक एकटे शेतात गेले, पूजा केली, कडब्याच्या कोपीत पाहुणे जेवू घातले आणि डब्यात भज्जी घेऊन परत आले. कडी लावली. त्या दिवशी मी ठरवलं, की हा हात उघडला नाही तर मी पुन्हा पंगतीला बसणार नाही. लग्नात नाही, जत्रेत नाही, कुठंच नाही.

हात उघडावा म्हणून आम्ही काही कमी केलं नव्हतं. गावात ज्याला त्याला यातलं कळतं. सगळ्यांनी सांगितलं, रबरी चेंडू दाबा. मालकांनी चेंडू आणला आणि मी दिवसभर दाबला. टीव्ही बघताना दाबला, शेंगा निवडणाऱ्या बायकांशी बोलताना दाबला. मूठ पकडीसारखी घट्ट झाली. आम्हाला वाटलं, ताकद आली.

ते खूळ आफरीननं काढलं. आफरीन लोहाऱ्याची, तिचे वडील शिलाईकाम करतात. धाराशिवच्या एका दवाखान्यात ती हातापायाचे व्यायाम करून घेते. उंचीनं माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र एसटीच्या कंडक्टरचा. तिनं पहिल्या दिवशी माझी मूठ हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "आज्जी, चेंडू कुणी दिला?"

"सगळ्यांनी."

"फेकून द्या. तुम्हाला धरायला येतंय. सोडायला येत न्हाई. तुम्ही महिनाभर धरायचीच प्रॅक्टिस केली."

मालक म्हणाले, "जन्मभर तेच केलंय तिनं." आफरीन हसली. मी हसले नाही.

मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरले. हे दोन्ही वार तुळजापूरच्या देवीचे. अणदूरवरून निघालं की गाडी भाविकांनी भरलेली, तुळजापूरला ती रिकामी व्हायची आणि आम्ही दुसरी गाडी धरून धाराशिवला जायचो. एकदा शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या मुठीकडं बघून विचारलं, "मावशी, आईला एवढं मुठीत काय घेऊन चाललाव?" मी म्हटलं, "काय न्हाय बाई. नुसती मूठच हाय." तिला वाटलं, काहीतरी नवस आहे आणि तो सांगायचा नसतो. तिनं माझ्या मुठीला हात लावून नमस्कार केला.

आधी साधेच व्यायाम होते. टेबलावर हात ठेवून पुढं सरकवायचा. लाकडी खुंट्या काढायच्या, घालायच्या. मला जमेना आणि कंटाळा यायचा. मग एक दिवस आफरीननं कपाटातून तो चष्मा काढला. चष्मा कसला, डोळ्यांवर पट्ट्यानं बांधायचा डबाच. पुण्याच्या कुठल्या कॉलेजातून काही महिन्यांपुरता आला होता, उन्हाळ्यात परत जाणार होता. ती त्याला व्हीआर म्हणायची. डोळ्यांवर चढवला की दवाखाना नाहीसा. मी कुठल्याशा बागेत बसलेले. समोर टेबल, टेबलावर लाल चेंडू, बाजूला टोपली. मान वळवली की बागही वळायची. आणि टेबलावर माझा उजवा हात.

मी चष्मा ओढून काढला. म्हटलं, "ह्यो हात माझा न्हाय."

"मग कुणाचाय आज्जी?"

"कुण्या शिकलेल्या बाईचा. कदी काम केलेलं न्हाय त्यानं. आन् माझं गोंदण कुठं गेलं?"

तो हात गुळगुळीत होता, राखाडी, एकही शीर नाही. आफरीन म्हणाली, "यंत्रात सगळ्यांना तोच हात दिलाय. हलवून तर बघा."

हलवला. माझा हात बोटभर हलला आणि तिथला वीतभर. मी म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, "खोटं न्हाई, उसनं आहे. आज मी जास्तीचं हलवून देते. दर खेपेला थोडं थोडं परत घेणार. तुम्हाला कळणारबी न्हाई कधी घेतलं ते."

मला हे बोलणं आवडलं. लहान मुलाला सांगावं तसं तिनं सांगितलं नाही. पण हात काही उघडला नाही. चेंडूपर्यंत जायचा, चेंडू धरायचा आणि टोपलीवर नेऊन तसाच धरून बसायचा. त्या बागेतसुद्धा मी सोडेना. असे चार-पाच आठवडे गेले. माझ्या लक्षात आलं होतं, की आफरीन आता मला पूर्वीसारखं "येईल, येईल" म्हणत नाही. बाहेर बाकावर मालकांशी ती हळू आवाजात काहीतरी बोलली. परतीच्या गाडीत मी विचारलं, "काय म्हणली?" ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "चमच्याची सवय करा म्हणली."

तेव्हाही शेतात हेच दिवस होते. कणसं भरलेली, पाखरं उतरलेली.

पुढच्या शुक्रवारी आफरीननं नवा खेळ लावला. मला वाटतं, तिचाही नाइलाज झाला होता. चष्म्यात या खेपेला बाग नव्हती. पिवळं पडलेलं गवत होतं, छातीएवढं उंच, शेंड्याला जड, वाऱ्यावर डुलणारं. कुठल्या देशाचं कोण जाणे, पण लांबून ज्वारीच वाटावी. ती सांगत होती, "आज्जी, तळहात वर करा. हातावर दाणे आहेत. बोटं उघडली की पाखरं येऊन बसतील..." तिचं सांगून व्हायच्या आत पाखरं आली. एकदोन नाही, थवाच. डावीकडून आला, वळला आणि सरळ पिकात उतरला.

मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "हाऽऽऽ! हाऽऽ हुर्रर्र!"

उजवा हात कानाच्या वर गेला, फिरला आणि सुटला.

कमरेला आफरीनचे दोन्ही हात. तिनं धरलं म्हणून पडले नाही. ती ओरडत होती, "आज्जी! बोटं! या अल्ला, बोटं उघडली!" मला ते दिसलं नाही. मला चष्म्यात फक्त उडणारी पाखरं दिसत होती. पलीकडं सायकल मारत बसलेला पेशंट पोट धरून हसत होता. चष्मा काढला तेव्हा मूठ पुन्हा मिटलेली होती. मी मालकांकडं बघितलं. ते बाकावरून उभे राहिले होते. म्हणाले, "तीन उघडली. म्या बघितली."

"दगूड कुठं मारलात आज्जी?" आफरीननं विचारलं. तिचं शेत नाही. गोफण तिनं चित्रात पाहिलेली. मी तिला सांगितलं. दोन दोऱ्या, मधे दगड ठेवायला विणलेली वाटी. एका दोरीचं टोक बोटात अडकवायचं आणि दुसऱ्या दोरीचं टोक नुसतं धरायचं. डोक्याभोवती फिरवून ते दुसरं टोक सोडलं की दगड जातो. धरता कुणालाही येतं. नेमकं कधी सोडायचं, सगळं कसब तिथं आहे. चौथीची परीक्षा झाली आणि माझी शाळा सुटली ती याच कामासाठी. भावाला पुढं शिकायचं होतं आणि पिकात उभारलेल्या उंच माच्यावर उभं राहून पाखरं राखायला घरात कुणीतरी पाहिजे होतं. पहाटे पाखरं उठायच्या आधी माच्यावर चढायचं आणि ती झाडावर जाईपर्यंत उतरायचं नाही. त्याचा राग मी पुष्कळ वर्षं धरला. शाळेचा नाद होता मला. आता तो राग काढून टाकावा म्हणते, कारण तिथं शिकलेलं माझ्या हातानं सांभाळून ठेवलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. आफरीन म्हणते, मेंदूत जुन्या वाटा असतात, एक बुजली तर दुसरीनं जाता येतं. ती शिकलेली आहे. तिचं खरं असेल.

पाखरांनी मला बरं केलं, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं सोपं काही झालं नाही. त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी हात पुन्हा दगड. पण आता आफरीनला वाट कळली होती. तिनं चष्म्यात दर खेपेला तो थवा सोडला आणि मी दर खेपेला हाकलला. मग म्हणाली, गोफण आणा. मालकांनी घरी सुतळीची गोफण वळली. दवाखान्याच्या लांबलचक वऱ्हांड्यात मी तिच्यात स्पंजाचा चेंडू घालून फिरवायची. हात वर जाईना तर आफरीन खालून कोपराला आधार द्यायची. एकदा चेंडू सुटला तो नर्सबाईंच्या टेबलावर, चहात. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "कोणाचं पोरगं आहे हे?" आफरीननं माझ्याकडं बोट केलं.

सगळ्यात शेवटी तिनं मला तो खेळ जसा होता तसा खेळायला लावला. हाकलायचं नाही. तळहात उघडून स्थिर धरायचा आणि पाखराला बसू द्यायचं. मी चिडले.

"सारा जन्म ह्यांना हाकललंय. आता हातावर बसवून चारू का?"

"आज्जी, खोटी पाखरं आहेत. तुमच्या ज्वारीचा एक दाणा जात न्हाई. बसू द्या की."

बसू दिलं. त्याला वजन नव्हतं. तरी ते बसलं तेव्हा तळव्याला गुदगुल्या झाल्या असं मला वाटलं आणि मी हात हलवला नाही. बोटं थरथरत होती, पण उघडी होती. मी चष्म्याच्या आत किती वेळ बसले होते, माहीत नाही. आफरीननं नंतर सांगितलं, की त्या दिवशी तिनं उसनं काहीच दिलं नव्हतं. हलला तेवढाच हात, उघडली तेवढीच मूठ. तिनं सगळं परत घेऊन आठवडा झाला होता.

माणसाचे उपकार मानायचे कसे, हे मला नीट येत नाही. तोंडावर चांगलं बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून वाकडंच निघतं. यंत्र बनवणारा कोण, तो मला भेटणार नाही. त्यानं हाताला गोंदण दिलं नाही, पण पाखरं मात्र हुबेहूब केली. त्याचं भलं होवो. आफरीनला मी एवढंच म्हटलं होतं, "तुझा आवाज लई मोठाय, पण तू चांगलीयस." आई वारली तेव्हापासून माझी मूठ कुणी एवढा वेळ हातात धरून बसलं नव्हतं. तिच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. पंगतीत बसलो. मी जेवले.

पण पहिलं जेवण ते नव्हे. पहिलं त्याच सालच्या सुगीत झालं. काढणीला पाच बाया लावल्या होत्या. ज्वारी उपटून पेंढ्या बांधणं चाललं होतं. मी बांधावर बसून नुसती बघत होते. मालकांनी सकाळी उठून भाकरी केल्या होत्या, पिठलं केलं होतं. एव्हाना त्यांच्या भाकरीच्या कडा फाटत नव्हत्या. दुपारी सगळ्या लिंबाखाली बसल्या, फडकी सुटली. त्यातली कमल, जिची जीभ माझ्यासारखीच आहे, मोठ्यानं म्हणाली, "काकू, म्या भरवू का?" सगळ्यांचे हात थांबले.

"तुझ्या हाताला माती हाय," मी म्हटलं, "पैलं धू." आणि ताट पुढं ओढलं.

मालक समोर बसले होते. ते उठले, आपली भाकरी-कांदा घेतला आणि पेंढ्यांच्या ढिगाकडं तोंड, आमच्याकडं पाठ करून बसले. कमलनं विचारलं, "मालक रुसले का काय?" कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. त्यांनी चार महिने माझा प्रत्येक घास बघितला होता. हा बघायचा नव्हता. बघितलं असतं तर माझा हात तिथंच मिटला असता आणि ते त्यांना ठाऊक होतं. मला आयुष्यात खूप काही मिळालं आणि खूप काही मिळालं नाही, पण त्या दुपारी त्यांनी फिरवलेली पाठ मी सगळ्यात वर ठेवीन.

अंगठा आणि दोन बोटं भाकरीवर ठेवली. तुकडा मोडेना. मग मोडला तो वाकडा. पहिला घास मातीत गेला. दुसरा पिठल्यात बुडवला, उचलला, हनुवटीला लागला आणि तोंडात गेला. बाया जेवायला लागल्या. कुणी बघत नव्हतं किंवा बघत नसल्यासारखं करत होतं. अर्ध्या भाकरीला मला त्यांच्या दोन भाकरींएवढा वेळ लागला. लुगड्यावर पिठलं सांडलं, ते राहू दिलं. मालकांची भाकरी कधीच संपली होती. ते रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून ढिगाकडं बघत तसेच बसले होते.

मी पाणी प्याले आणि तांब्या खाली ठेवला. आवाज ऐकून ते न वळताच बोलले, "झालं?"

"झालं," मी म्हटलं. "पिठलं अळणी होतं."